शालिना

मिलमध्ये नवे माग बसवायला
ब्रनो नावाच्या गावाहून फिटर आला.
नाव ओटा.
"मग बसू का तुझ्यावर?" मार्तंडमामा म्हणाले,
आणि हसता हसता हातातला धोटा सुटला.

हिंदी त्याला येत नव्हती, इंग्रजी मामांना.
खडखडाटात बोटं दाखवून शब्द अदलाबदल झाले.
उन्हाला तो म्हणे झोंत्स्ना, कामाला होक्ना,
आणि टेम्पोला, तिकडची ट्राम समजून, शालिना.
"शालिना आली!" फाटकातून हाक यायची
की मामी पोळी तव्यावर सोडून बाहेर:
"ही शालिनी कोण हो?"

आमच्याकडून त्याने भिया घेतलं,
हाव घेतलं, आणि "मी येऊन राहिलो".

पुण्याच्या आत्यांनी कपाळाला हात लावला.
करून राहिला, जाऊन राहिला, ही काय मराठी?
मामांनी ते ओटाला कसंबसं समजावलं.
तो बशीत चहा ओतत होता.
आम्हालाही राजधानीचे हसतात, म्हणाला,
अर्ध्या खुणांनी, अर्ध्या मालवीने.
गल्लीतले जर्मन गेले,
शब्द मागे राहिले. आम्ही वाकवून घेतले.
मग हाताने तार वाकवून दाखवली,
म्हणजे मामांना कळावं.

मिलला कुलूप लागून किती वर्षं झाली, मोजत नाही.
परवा पाटणीपुऱ्याच्या कोपऱ्यावर
ऐंशीच्या मामांनी काठी उंचावली:
"ए शालिना! राजवाडा?"
मी ओशाळून दुसरीकडे बघितलं.
रिक्षा थांबली.
"बैठो भिया," तो म्हणाला, "चालीस लगेंगे."