तोंडी परीक्षा

मुसफ्फा, कॅम्प नऊ, खोली चौदा.
खाली तीन खाटा, वर तीन,
आणि एक एसी, जो रात्री दोनला खोकतो.
शनिवारी रात्री इक्बाल परकारने
फोन पालथ्या पातेल्याला टेकवून उभा केला.
पलीकडे दाभोळ. अफरीन, इयत्ता नववी,
सोमवारी नागरिकशास्त्राची तोंडी.
पुस्तकाची पानं तिनेच फोटो काढून पाठवलेली,
पण परकारचा चष्मा गेल्या आठवड्यात
मचाणावरून खाली गेला,
म्हणून प्रश्न विचारायचं काम माझ्याकडे.

नियम राऊळने केला:
तिला नाही आलं तर खोलीने सांगायचं,
खोलीलाही नाही आलं
तर उद्याची भांडी खोलीची.

पोलिसांनी धरलं तर किती तासांत न्यायाधीशापुढे?
"चोवीस!"
आम्ही तोंड उघडायच्या आत.

सार्वजनिक विहिरीवर कुणाला अडवता येतं का?
ती आठवत होती,
तेवढ्यात वरच्या खाटेवरचा ढेपे उठून बसला.
"कलम पंधरा. इहीर, तळं, घाट,
कुणालाच आडवता येत न्हाई."
ढेप्याला स्वतःचा लेबर कार्ड नंबर पाठ नाही.
पंधरा कसं पाठ, ते कुणी विचारलं नाही.

वेठबिगारी?
"कलम तेवीस. पण काका, वेठ म्हणजे नक्की काय?
पुस्तकात अर्धीच ओळ आहे."
एसी तेवढा बोलत राहिला.
मग राऊळ म्हणाला, "काम करूचा, बाय,
आणि पैशे मागूचे नाय."
कुणीतरी हळूच म्हणालं, "मार्च."
सगळे हसले. जरा जास्तच वेळ.

बंदी प्रत्यक्षीकरण?
तिने धडाधड म्हटलं:
ज्याला डांबून ठेवलंय त्याला
प्रत्यक्ष कोर्टापुढे हजर करा, असा आदेश.
"माणसाक हजर करतत," राऊळ म्हणाला,
"आणि पासपोर्टाक?"

ती थांबली. मग म्हणाली,
"आता मी विचारते, तिथलं.
उन्हाळ्यात दुपारी काम कधी बंद?"
साडेबारा ते तीन. हे आमच्या अंगालाच पाठ.
"पासपोर्ट कुणाकडे पाहिजे?"
"कंपनीकडे!"
सहा जण, एका सुरात, पाढे म्हणतात तसे.
"चूक," अफरीन म्हणाली.
"मी शोधलंय. तिथल्या कायद्यातही
तो तुमच्याकडेच पाहिजे.
अब्बा, तुमचा कुठाय?"

परकारने पातेलं सरळ केलं,
फोन आडवा पडला,
तिला थोडा वेळ फक्त छत दिसलं असेल.

रविवारी भांडी सहा जणांनी घासली.
सोमवारी सुट्टीच्या भोंग्यानंतर
परकार ऑफिसच्या खिडकीपाशी उभा राहिला,
त्याच्यामागे मी, माझ्यामागे ढेपे.
"पासपोर्ट पाहिजे."
क्लार्कने मान वर केली, आवाज मऊ केला:
"घरी कोण वारलं?"
"कुणी नाही. मुलीची परीक्षा आहे."
क्लार्कने ते कशात बसतं ते बघितलं,
कशातच बसेना,
तेव्हा एका चिठ्ठीवर तीन नावं लिहून घेतली.

रात्री मेसेज आला. परकारने फोन माझ्याकडे दिला.
वाचून दाखवला:
"वीसपैकी अठरा. तुम्हाला किती?"
"काय लिहू?" मी विचारलं.
तो बराच वेळ विचार करत होता.
"लिही," म्हणाला,
"निकाल राखून ठेवलाय."