सतरा नंबर

काल पेटीत शिट्टी वाजली,
आणि पाठोपाठ पायाखालच्या सळ्यांतून चटका.
आज नुसती शिट्टी.
नस्तरन स्टॉपवॉच धरून बसली आहे,
उंदीर किती वेळ दगड होतो ते मोजत.

तेहरानमधलं तळघर, डिसेंबरचं धुरकं.
आठवडाभर डोंगर कुणाला दिसलेला नाही;
आहे म्हणतात, जागच्या जागी.

सोळा नंबर : बेचाळीस सेकंद.
मिशीसुद्धा हलली नाही.

सतराच्या मेंदूत तिनं दोन थेंब सोडले होते
केसाएवढ्या नळीतून,
एक सेरोटोनिनच्या दाराशी,
दुसरा त्या दाराशी, जिथं गांजाही येऊन कडी वाजवतो
आणि शरीरानं घरच्या घरी केलेलं एक रसायनही.
आनंदामाइड.
"शब्द हिंदुस्तानातला आहे," ती सफरअलीला सांगते,
"आनंद म्हणजे खुशी."
तो म्हणतो, "उंदराला?"

शिट्टी.
सतरा नाक खाजवतो.
कोपरा हुंगतो, सळ्यांवरून हिंडतो
परसात भाजी खुडायला आल्यासारखा.
तीन सेकंद, ती लिहिते,
तीनाखाली दोनदा रेघ ओढते.
किती महिन्यांनी आकडा शहाण्यासारखा वागला!

मान वर करते, तर दाराशी सफरअली.
हातात भुश्शाची बादली,
एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर.

देझफुलचा माणूस.
त्याच्या लहानपणी भोंग्यानंतर जे यायचं
त्याला पेटी नव्हती,
आणि मोजायला पलीकडे कुणी बसलेलं नव्हतं.

तिच्या अंगठ्यानं बटण केव्हाच दाबलेलं.
एकोणीस. वीस.
बादली कलते, भुस्सा सांडतो,
तेव्हा कुठं तो खाली बघतो.
"माफ करा, खानम. झाडून घेतो."

हे कुठल्या रकान्यात लिहायचं?
ती घड्याळ शून्यावर आणते.

संध्याकाळी सतराची पाळी.
नळी नेमक्या जागी होती का, ते बघायला
आधी निळी शाई, मग कांद्याच्या पापुद्र्यासारखे काप.
काचेखाली ठिपका
अगदी हवा तिथं.

सफरअली रिकामा पिंजरा धुतो,
नंबराची चिठ्ठी नखानं खरवडतो,
निघत नाही, पाणी लावून पुन्हा खरवडतो.
मग पाठमोराच विचारतो,
"त्याला खरंच काही आठवत नव्हतं?
शेवटी तुमचा हात आत आला,
तेव्हासुद्धा?"