काचेच्या अलीकडून

टोलेडोत मार्चमधला बर्फ पांढरा नसतो.
फुटपाथच्या कडेला मिठाने, काजळीने माखलेले त्याचे ढीग,
आणि ढिगांच्या रांगेतच तुम्ही सातजण,
घडीच्या खुर्च्या, थर्मास, गुडघ्यांवर चौकडीची ब्लँकेटं.
पाटी एकच. "आम्ही तुझ्यासाठी प्रार्थना करतो आहोत."
तुझ्यासाठी.
एकेरीत. जणू आपली ओळखच आहे.

ओळख होतीच, मिसेस पाव्हलाक.
तिसरीत असताना तुम्हीच मला शिकवलंत,
जपमाळेचे मणी मोजायचे नसतात, बोटांना कळू द्यायचे असतात.
तोच लाल कोट. गळ्याशी एक बटण वेगळ्या रंगाचं, तेही तेच.
मी टोपी भुवयांपर्यंत ओढली
आणि गाडीपासून दारापर्यंतची एकवीस पावलं
दातांच्या डॉक्टरकडे निघाल्यासारखी चालले.
कामावर तसंच सांगून आले होते.

तुमच्यातला तो उंच मुलगा पुढे झाला,
"बाई, अजून वेळ गेलेली नाही," म्हणाला.
आवाज वाईट नव्हता त्याचा. तेच वाईट होतं.
दाढी नुकती फुटलेली,
माझ्या ओलेकहून दहाएक वर्षांनी मोठा असेल.
आणि तुम्ही मान वर केलीत.
पाहिलंत.
मग मान खाली घातलीत, मण्यांकडे.

त्या खाली गेलेल्या मानेचा अर्थ
मी अजून लावते आहे.

आत हीटर, जुनी मासिकं, मासे नसलेली माशांची पेटी.
शेजारच्या मुलीने कानांत गाणी कोंबली होती,
तिची आई नजरेनं भिंतीवरचं घड्याळ सोलत होती.
मला मात्र ऐकू येत होतं.
खिडकी बंद, पडदा ओढलेला, तरी
ती पोलिश गुणगुण काचेतून झिरपत होती.
माझे वडील काचेच्या कारखान्यात होते, बत्तीस वर्षं.
मला कांजिण्या आल्या तेव्हा रात्रपाळीहून येऊन
बूट न काढताच उशाशी बसत
आणि हेच शब्द, ह्याच हेलात, पुटपुटत राहत
मला झोप लागेपर्यंत. नंतरही.
तीच प्रार्थना.
तेव्हा माझ्या अंगावर पांघरलेली,
आता माझ्यावर रोखलेली.

मी ओठ हलवले नाहीत.
खोटं कशाला बोलू, हलले. एकदा.
नर्सने नाव पुकारलं, मी आमेनच्या आधी उठले.

मिसेस पाव्हलाक, देवाशी तुमचं काय बोलणं झालं
ते तुमचं तुमच्यापाशी.
पण मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं:
भाडं थकलंय. ओलेकला चारपर्यंत सांभाळायला कुणी नाही.
धाकटीचा दमा.
आणि परत जाताना स्वतः गाडी चालवू नये
असं कागदावर लिहिलंय, आणि मी एकटी आले आहे.
बदललं असतं काही? नाही.
भाडं भरलंत तरी मी आत गेलेच असते, बहुधा.
पण घरी सोडलं असतंत तर
तुमच्या गाडीत मी रडले असते.
तेवढं तरी झालं असतं.

पुढच्या शुक्रवारी चर्चच्या तळघरात उपासाचे मासे.
कागदी ताटल्या, कोबी, रांग.
वाढायला तुम्ही.
माझ्या ताटलीत एक तुकडा जास्त पडला.
तुम्ही वर पाहिलं नाहीत. मीही "पुरे" म्हटलं नाही.
मागचा माणूस म्हणाला, "वशिला दिसतोय."
तो तुकडा मी खाल्ला नाही, टाकलाही नाही,
रुमालात गुंडाळून नेला. मुलांनी भांडून खाल्ला.

ती माफी होती, की माफी मागणं होतं,
की तव्यावर उरलेला नुसताच शेवटचा तुकडा?

मंगळवारी तिथून जाते कधी.
खुर्च्या सहा झाल्यात. लाल कोट दिसत नाही.
थंडी असेल. गुडघे असतील. तुम्ही सत्तरीच्या पुढच्या.
मी काही अर्थ काढत नाही.

रात्री धाकटीचा श्वास शिट्टी वाजवू लागला की
उशाशी बसते, आणि दुसरं काही पाठ नसल्यामुळे
तेच शब्द म्हणते,
हळू,
काचेबाहेर जाणार नाहीत इतके.