तिसरं पान

खडप बंद केलं त्या दिवशी म्हाताऱ्या त्सितुहाने
टोकाला एक काठी रोवली, काठीला लाल फडकं.
पाण्याशी वाकून काय बोलला, कुणाला ऐकू आलं नाही.
मग थोडी रम समुद्राला, उरलेली पंचांना.
तीन महिने. या काठीपासून चिंचेच्या सरळ रेषेपर्यंत
ऑक्टोपसवर कुणी भाला उचलायचा नाही.

वही माझ्याकडे, कारण मला लिहिता येतं.
पहिल्या पानावर नियम, दुसऱ्यावर राखणीच्या पाळ्या,
तिसरं दंडाचं. कोरं.
औषध घरात असावं, लागू नये,
तसं ते असू दे म्हणालो.

सहाव्या आठवड्यात वारा दक्षिणेचा झाला.
होड्या वाळूवर पालथ्या, कसावा तळाला.
अमावस्येची ओहोटी, पहाट व्हायची होती, पाळी माझी.
दिवा न घेता कुणीतरी खडपावर वाकलेलं.
पाठीच्या बाकावरून ओळखलं.
आई गेल्यावर त्याच पाठीवर मी वाढले.

सुआझाराच्या मनगटाला ते गुंडाळलं होतं,
लिंबाएवढं डोकं, अंडी घालायचं वयही नाही.
"लिही," म्हणाली. "पण आधी शिजवू दे."

मी लिहिलं नाही.
आठ दिवस वही उशाखाली, आणि झोप नाही.
नवव्या दिवशी सभेत तीच उठली,
मी तोंड उघडायच्या आत.

एक कोंबडी आणि दहा हजार आरियारी.
कोंबडी होती. पैसे नव्हते.
शेजारगावचे दोघे मागे बसून हसले:
आमच्या बाजूला काठीच नाही, आम्ही सुखी.
त्सितुहा म्हणाला, खडप उघडेल तेव्हा दे,
तोवर समुद्राच्या नावावर उधार.

मी तिचं नाव लिहिलं.
त्याखाली माझं.
गुन्हा: पाहिलं, आणि पान कोरं ठेवलं.

उघडलं तेव्हा बर्फाची गाडी उजाडायच्या आधीच उभी.
बायका कमरेपर्यंत पाण्यात, पोरं टोपल्या धरून,
शेजारगावचे दोघेही, काठीच्या अलीकडे, विचारत: आम्ही येऊ?
बहिणीने एकच काढला, साडेतीन किलोचा,
तराजूवरच्या माणसाने दोनदा मोजला.

तिने दोघींचा दंड भरला.
नोटा ओल्या, वहीवर ठेवल्या तशाच.
शाई फुटली आहे तिथे.
नावं वाचता येतात.