कलम अकरा

गंगापूर धरणाच्या धक्क्यावरचा करार, कलम अकरा:
नाव इथे बांधलेली असताना विकली
तर दहा टक्के धक्क्याचे,
गिऱ्हाईक कुणीही आणो.
सही करताना मी फक्त भाडं वाचलं होतं.

मे महिन्यात पाणी मागे सरकलं.
नाव चिखलात, एका कुशीवर.
दोर मात्र कड्याला, सैल.
गिरणाऱ्याहून भिका शेवरे आला,
तळाला बुक्की मारून म्हणाला, चाळीस.

पिंगळे मॅनेजर छत्री सावरत धावले:
चार आमचे.
मी म्हटलं, पाणी कुठंय?
दोर आहे ना, म्हणाले.

भिकाने गाठ सोडली,
दोर गुंडाळून त्यांच्या हातात ठेवला:
घ्या, ह्याचे काय ते टक्के काढा.

चार हजार मी भरलेच.
पावतीवर लिहिलंय:
तरंगती नाव, एक नग.