ड्रायव्हरच्या आरशात

किती सामने जिंकली, ते कॉलेजच्या भिंतीवर
पितळी आकड्यांत लिहिलंय.
मला विचाराल तर मी मैल सांगेन.
उत्तर डकोटाच्या सपाट, पांढऱ्या रस्त्यांवर
सव्वीस हिवाळे मी ही बस हाकली,
आणि त्यातले पहिले चौदा
माझ्या डोक्यावरच्या आरशात, पुढच्या सीटवर,
मांडीवर वही उघडी टाकून बसलेली असायची
लॉइस हॉगलंड.

चौऱ्याहत्तर साली ती आली तेव्हा
मुलींना जिम मिळायची रात्री नवानंतर,
मुलांचा घाम लाकडावर वाळायच्या आत.
जर्सी मुलांच्याच, जुन्या,
पाठीवरचे आकडे उसवून पुन्हा शिवलेल्या.
ती त्या घरी नेऊन धुवायची
आणि परसात टाकायची, उणे वीसमध्ये.
सकाळी दोरीवर बाराजणी उभ्या,
बिनडोक्याच्या, फळीसारख्या ताठ.
शेजारची इंगा म्हणायची,
"तुझा संघ पाहिला गं खिडकीतून,
बचावात बरा वाटतो."

आवाज चढवायची नाही.
हरल्यावर तर नाहीच.
हरल्यावर ती संत्री सोलायची,
एकेक अखंड साल, न तुटणारी,
आणि फोडी मागे पाठवायची हातोहात.
पाचव्या रांगेपर्यंत वास पोचला
की कुणीतरी हुंदका द्यायचं.
मी वायपर लावायचो,
काचेवर काही नसलं तरी.

एकदा जेम्सटाउनच्या अलीकडे
वादळानं रस्ताच पुसून टाकला.
रात्र काढली ट्रॅक्टर दुरुस्तीच्या शेडमध्ये,
ग्रीसचा वास, एक शेगडी, पंधरा माणसं.
हिनं खडूनं जमिनीवर रेघ ओढली.
"फ्री थ्रो," म्हणाली.
चेंडू नाही. रिंग नाही.
समोर नुसता टिनाचा पत्रा, त्यावर बर्फ आपटतंय.
मुली एकेक करून हवा फेकू लागल्या
आणि ही निकाल देऊ लागली:
"गेला." "बाहेर." "मनगट, डार्लीन."
मार्ला फेटर, जी अख्खा मोसम बाकावर होती,
अडून बसली: "कोच, माझा गेला होता."
लॉइसनं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं.
"तुला माहीत असेल, तर गेला."
पुढच्या सामन्यातही तिला बाकावरच ठेवलं.

अठ्ठ्याऐंशीत दक्षिणेकडून फोन आला,
मोठं विद्यापीठ, दहा हजार खुर्च्या.
ती विमानानं गेली. मी पोचवायला गेलो नाही,
बसचं तेल बदलायचं होतं, असं सांगितलं.
दोन मोसम. तिसऱ्याच्या तोंडावर काढलं तिला,
तेही फोनवर.
आमच्या पेपरात बातमी आली
बियाण्याच्या जाहिरातीखाली, बोटभर.
ती परतली, आणि वर्षभर
त्याच बियाण्याच्या दुकानात पावत्या फाडत होती.
सूर्यफूल, जव, बार्ली.
कुणी कीव करायला आलं
की किती एकर, एवढंच विचारायची.

मग मार्ला गेली दुकानात.
आता कोच मार्ला होती.
काय बोलणं झालं मला माहीत नाही.
एवढंच कळलं की पगार निम्मा,
आणि हुद्दा साहाय्यकाचा.

नोव्हेंबरात पहिली फेरी निघाली.
मार्लानं पुढची सीट रिकामी ठेवली होती,
वर कुणाची पिशवीसुद्धा नाही.
लॉइस चढली, मला "ऑरिन, टायर नवे?" म्हणाली,
आणि सीटकडे न बघता मागे गेली,
सातव्या रांगेत, चेंडूंच्या पोत्याशेजारी.
तिथवर आरसा पोचत नाही.
मी तो जरा वाकडा केला.
नियमात बसत नाही ते.

त्या रात्री माइनटला एका गुणानं हरलो.
बस अंधारात, मार्ला खिडकीला कपाळ लावून,
आणि वास आला, पण मागून.
फोडी पुढे येत होत्या, हातोहात,
सातवी रांग, सहावी, चौथी,
मार्लानं एक घेतली, तोंडात टाकली नाही,
नुसती धरून ठेवली.
आणि एक हात तिच्या खांद्यावरून
माझ्यापर्यंत आला.
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.
मी एका हातानं चाक धरलं
आणि बीसकट खाल्ली.