हातचा एक

अल सजाला सिनेमावाले आले तेव्हा
कॅम्पच्या फाटकावर सावली नव्हती.
सजा हे जागेचंच नाव, शारजाच्या पाठीमागे.
अरबीत काही वेगळा अर्थ असेल,
आम्ही कधी विचारला नाही.

एका हाताचा माणूस हवा होता त्यांना.
म्हणजे नट होता त्यांच्याकडे, मुंबईहून आणलेला,
दोन्ही हातांचा, बोलायला गोड.
हवा होता तो शिकवणारा.
इद्रिस फोरमननं माझं नाव दिलं :
कुळये, गंगाराम धोंडू, खोली चौदा, खालची बंक.
दिवसाला दीडशे दिरहम, जेवण त्यांचं.
दोन्ही हात होते तेव्हा एवढे कधी सुटले नाहीत.

तीन दिवस मी त्याला नाडी बांधायला शिकवली.
एक टोक दातात, दुसऱ्याचा फास अंगठ्यावर,
पोट आत, श्वास धरायचा,
आणि करंगळीनं, करंगळीनंच, खालून ओढून घ्यायचा.
कांदा चिरायचा तर फळीला खिळा, खिळ्यावर कांदा.
हे कुणी शिकवलं नव्हतं मला,
दीड वर्षात चुकत चुकत आलं.
आता शेर जमान चहा गाळतो तोवर
माझा सदरा घालून होतो, बटणांसकट.

चौथ्या दिवशी कॅमेरा.
बाई म्हणाल्या, फार पटकन होतंय.
होणारच. माझंच उचललं होतं त्यानं, हुशार पोरगा.
हळू, बाई म्हणाल्या, अडकू दे. एकदा सुटू दे.
मी म्हटलं, मॅडम, सुटत नाही.
त्या हसल्या. वाईट नव्हत्या.
दादा, म्हणाल्या, बघणाऱ्याला कळायला नको?

मग ती नाडी अकरा वेळा सुटली.
ऊन बाहेर ढीगभर, तरी खिडकीत दिवा लावून आणलं.
भिंत आमचीच, पण खरवडून आणखी आमची केली.
माझ्या पत्र्याच्या ट्रंकेवर मूठभर धूळ टाकली.
ट्रंक मी रोज पुसतो.

कट म्हटलं की तो पाठीशी बांधलेला हात सोडवायचा,
झटकायचा, म्हणायचा, मुंग्या आल्या यार.
मुंग्या मलाही येतात.
जिथे काही नाही तिथे,
तळव्याच्या बरोबर मधोमध.
हे त्याला सांगितलं नाही.
तेवढं हातचं राखलं.

अंगठ्याची गोष्ट मात्र सांगितली होती, पहिल्याच दिवशी.
हजेरीच्या मशीनला माझा उजवा अंगठा ठाऊक.
इस्पितळातून आलो, डावा टेकवला,
लाल दिवा.
पुसून टेकवला, लाल दिवा.
एकोणीस दिवस मी मशीनसमोर उभा होतो
आणि गैरहजर होतो.
पगाराच्या कागदावर तसंच आहे अजून.
बाई म्हणाल्या, हे जरा विनोदी होईल, नको.
विनोदी आहेच. शेर जमान अजून हसतो.
मीही हसतो.
हातावर पोट होतं,
आता नुसतं पोट आहे.

शेवटचा सीन समुद्रावर, सातव्या दिवशी.
सात वर्षांत समुद्र दोनदा पाहिला होता,
दोन्ही वेळा बसच्या काचेतून.
तोंडाचे शॉट त्याचे झाले,
मग म्हणाल्या, पाठमोरे तुम्ही बसा दादा,
मागून बाही खरी दिसते.
तर सिनेमात समोरून तो आहे
आणि मागून मी.

वारा सुटला होता. नाडी नाही सुटली.

काहीतरी आठवा, बाई लांबून ओरडल्या.
मी बेरीज करायला घेतली :
सात दिवसांचे एक हजार पन्नास,
अडकलेला पगार, तो देतील तेव्हा,
एजंटचे उरलेले, ते वेगळे.
बोटं पाच. पाच लगेच संपतात.
हातचा एक.
तो उजवीकडे ठेवला, सवयीनं,
रिकाम्या बाहीत.

कट, बाई म्हणाल्या, सुंदर.
माझी बेरीज व्हायची होती.
मी बसून राहिलो.